स्क्रीनसेव्हरवरच्या फोटोतली जागा शोधताय? या चुका टाळा

स्क्रीनवर भारी डोंगर नाहीतर समुद्र दिसला की लगेच मोबाईल काढून स्क्रीनचाच फोटो मारायचा आणि गूगल लेन्सला (फोटोवरून शोधणारं गूगलचं टूल) द्यायचा, ही सगळ्यात कॉमन चूक. काचेवर ट्यूबलाइट चमकतेय, मधे घड्याळ, खाली आयकॉन, मग लेन्स तुम्हाला लॅपटॉपच्या किमती दाखवणार नाहीतर काय.

आधी कॉम्प्युटरलाच विचारा ना! विंडोज स्पॉटलाइट, म्हणजे आपोआप नवनवे फोटो लावणारी विंडोजची सोय, चालू असेल तर डेस्कटॉपवर 'लर्न अबाउट धिस पिक्चर' असा आयकॉन असतो, त्यावर माउस नेला की माहिती येते. नवीन मॅकवर तर सेटिंग्जमधे स्क्रीनसेव्हरच्या लिस्टमधेच नावं दिलेली असतात. बऱ्याच जणांचं काम इथेच होतं, पण तिथे बघतंय कोण!

नाव नाहीच मिळालं तर ओरिजिनल फाइल शोधा आणि लेन्समधे पूर्ण फोटो न टाकता क्रॉप करून टाका. क्रॉप कशावर करायचं हे महत्त्वाचं. आकाश, गवत, वाळू जगात सगळीकडे सारखीच, त्यावरून काही कळत नाही. विंडोज १० च्या लॉक स्क्रीनवर गुहेतून दिसणारा तो बीच आठवतोय? त्यात वाळू सोडा आणि समुद्रातले कमानीसारखे खडक तेवढे पकडा. ती आर्चवे आयलंड्स, न्यूझीलंडच्या साउथ आयलंडवरचा व्हाररिकी बीच.

उलट विंडोज एक्सपीच्या वॉलपेपरवरची ती हिरवी टेकडी घ्या, नुसतं गवत आणि ढग, म्हणून लोक आयर्लंडपासून स्वित्झर्लंडपर्यंत काहीही सांगत बसतात. ती आहे कॅलिफोर्नियातल्या सोनोमा काउंटीत, तिचा फोटो चार्ल्स ओ'रिअर या फोटोग्राफरने १९९६ मधे काढला. आता तिथे जाऊन किंवा गूगल मॅपच्या स्ट्रीट व्ह्यूवर बघून 'ही ती नव्हेच' म्हणू नका, कारण त्या जमिनीवर मूळची द्राक्षबाग होती, फायलोक्सेरा किडीमुळे वेली काढल्या होत्या म्हणून तेव्हा मोकळं गवत दिसलं, नंतर परत द्राक्षं लावली.

आणि वॉलपेपर साइटवरच्या टायटलवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, तिथे कुठल्याही तळ्याला स्वित्झर्लंड लिहून मोकळे होतात. नाव मिळालं की मॅपवर लोकांनी टाकलेले फोटो उघडून डोंगराची कडा जुळतेय का बघा. फोटो उलटा, म्हणजे मिरर केलेला असेल तर जुळणार नाही, तेव्हा एकदा फ्लिप करूनही बघा.

विंडोज ११ चं ते निळं फूल मात्र कुठेच उगवलेलं नाही, ते कॉम्प्युटरवरच बनवलंय.