आधी निळा विझतो: पांढऱ्या ओएलईडीवर काम सुरू करणाऱ्यांसाठी

माझा पहिला पांढरा ओएलईडी (सेंद्रिय रेणूंच्या पातळ थरांतून प्रकाश देणारा दिवा) पेटला तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते. नखाएवढा चौकोन, पण त्याच्या उजेडात मी माझी वही वाचली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो पिवळट झाला होता आणि त्यात काळे ठिपके उमटले होते. दोन्हींचं कारण एकच असेल असं धरून मी कित्येक आठवडे चुकीच्या दिशेने घालवले.

पिवळेपणा येतो निळा रंग आधी विझल्याने. प्रवाह दिल्यावर रेणूंत तयार होणाऱ्या उत्तेजित अवस्थेला एक्सायटॉन म्हणतात; त्याचे सिंगलेट आणि ट्रिपलेट असे दोन प्रकार. निळ्या फॉस्फोरसंट (ट्रिपलेटपासून प्रकाश देणाऱ्या) रेणूच्या ट्रिपलेटमध्ये साधारण २.७ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा असते. असा एक्सायटॉन दुसऱ्या एक्सायटॉनला किंवा पोलरॉनला (रेणूवर बसलेल्या विद्युतभाराला) भिडला की ऊर्जेची बेरीज होते आणि रेणूतला बंध तुटू शकतो. तुटलेले तुकडे मग शेजारच्या रेणूंची ऊर्जाही गिळतात. म्हणूनच अनेक पांढऱ्या रचनांमध्ये लाल-हिरवा फॉस्फोरसंट आणि निळा मात्र फ्लुरोसंट (मुख्यतः सिंगलेटपासून प्रकाश देणारा) ठेवतात. कार्यक्षमता थोडी जाते, पण दिवा टिकतो.

काळे ठिपके बहुतेकदा ओलाव्याचे. कॅथोडमधल्या (धातूच्या ऋण इलेक्ट्रोडमधल्या) सूक्ष्म छिद्रांतून पाणी शिरतं. ओळखायची युक्ती सोपी आहे: त्याच काचेवरचा एक पिक्सेल तपासणीपुरता क्षणभर सोडून कधीच पेटवू नका. ठिपके त्यावरही वाढले तर दोष एन्कॅप्सुलेशनचा (दिवा हवाबंद करणाऱ्या आवरणाचा), रेणूंचा नाही. ही सवय मला पहिल्या दिवशी कोणी लावली असती तर!

आता कार्यक्षमता. विद्युतप्रवाहाने तयार होणाऱ्या एक्सायटॉनपैकी सुमारे २५ टक्के सिंगलेट, ७५ टक्के ट्रिपलेट. १९९८ साली अमेरिकेतल्या स्टीफन फॉरेस्ट आणि मार्क थॉम्पसन या संशोधकांच्या गटांनी ट्रिपलेटही प्रकाशासाठी वापरून दाखवले, तेव्हापासून आतली कार्यक्षमता १०० टक्क्यांजवळ नेता येते. पण साध्या रचनेत त्यातला जेमतेम पाचवा हिस्सा प्रकाश बाहेर पडतो, बाकीचा थरांत आणि काचेत अडकतो. २००९ मध्ये जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या संशोधक गटाने पांढऱ्या ओएलईडीत ९० ल्युमेन प्रति वॅट गाठले, त्यात जास्त अपवर्तनांकाच्या काचेचा आणि प्रकाश बाहेर काढण्याच्या रचनेचा मोठा वाटा होता.

माझ्या मते नवख्याने इथेच जीव ओतावा. अडकलेला प्रकाश बाहेर काढला तर तेवढ्याच उजेडाला कमी प्रवाह लागतो, आणि प्रवाह कमी म्हणजे एक्सायटॉन-पोलरॉनची टक्करही कमी. उजेड निम्म्यावर आणला की आयुष्य साधारण तिप्पट-चौपट होतं, यावरून अंदाज घ्या. टँडेम रचना, म्हणजे दोन दिवे एकमेकांवर रचून मध्ये चार्ज जनरेशन थर (दोन्ही दिव्यांना विद्युतभार पुरवणारा), याच कारणाने टिकते. व्होल्टेज वाढतं, तेवढं सोसावं.

आयुष्याचा आकडा वाचताना सुरुवातीचा उजेड किती होता आणि मोजणी उजेड सुरुवातीच्या ५० टक्क्यांवर येईपर्यंतची की ९५ टक्क्यांवर, हे आधी बघा.

पहिले दोन महिने पांढरा बनवूच नका. एकटा निळा घ्या, सब्लिमेशनने (घनाची थेट वाफ करून) शुद्ध केलेलं द्रव्य वापरा, क्रूसिबलचा (द्रव्य तापवायच्या भांड्याचा) क्रमांक, चेंबरचा दाब आणि बाष्पीभवनाचा वेग दर वेळी वहीत लिहा. सलग पाच काचांचं आयुष्य एकमेकांशी जुळलं की मग पिवळा मिसळा.