मोबाईलवरून अँब्युलन्स पाठवताय? या चुका टाळा

पुण्यात मंडळाची, ट्रस्टची किंवा सोसायटीची स्वतःची अँब्युलन्स असणं नवं नाही. अलीकडं मात्र जो तो 'आमचं सगळं मोबाईलवर चालतं' असं कौतुकानं सांगतो. कसं चालतं ते फोनवर बसणाऱ्याला विचारा. नवा कार्यकर्ता आला की त्याच त्या चुका त्याच क्रमानं करतो. दरवेळी तोंडानं सांगून कंटाळलो, म्हणून लिहून काढतोय.

सुरुवातीलाच एक गोष्ट. आपली गाडी म्हणजे १०८ नव्हे. ती सेवा राज्यात २०१४ पासून आहे, तिचा नियंत्रण कक्ष इथंच औंधला, आणि तिच्या गाडीत डॉक्टर असतो. आपल्या बहुतेक गाड्यांत ड्रायव्हर, स्ट्रेचर आणि ऑक्सिजनचं सिलिंडर, बस्स. त्यामुळं अपघात किंवा छातीत कळ म्हटलं की पहिला प्रश्न 'तुम्ही १०८ लावलात का?' हाच. आपली गाडी जवळ असेल तर ती निघू द्याच, पण १०८ चा फोन टळता कामा नये. मारामारीची भानगड असेल तर ११२ सुद्धा. पोलिसांच्या गाड्यांत ११२ चे कॉल दिसायला स्क्रीन बसवलेले आहेत.

लोकेशन आलं म्हणजे पत्ता आला, असं समजणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक. व्हॉट्सॲपवर ठिपका आला रे आला की नवं पोरगं तो ड्रायव्हरला फॉरवर्ड करतं आणि फोन ठेवून मोकळं होतं. ठिपका कुणाचा, कधीचा, काही विचारायचं नाही.

सदाशिव पेठेत एक आजोबा न्हाणीघरात पडले. आजींनी मुलाला फोन केला, मुलानं आमच्याकडं. मुलगा हिंजवडीत ऑफिसात. त्यानं घाबरून 'करंट लोकेशन' पाठवलं, ते अर्थातच हिंजवडीचं. आमच्या पोरानं ते तसंच पुढं ढकललं. औंध ओलांडल्यावर ड्रायव्हरचा फोन आला, "अहो, पेशंट घरात पडलेत म्हणालात ना? नकाशात तर कंपनीचं नाव दिसतंय." आजोबांचं घर आमच्या गाडीच्या जागेपासून दोन चौकांवर.

म्हणून माझा ठरलेला प्रश्न: 'पेशंट तुमच्यासमोर आहे का?' नसेल, तर जो समोर आहे त्याचा नंबर घ्या आणि त्याच्याशी बोला. घरचा पत्ता तोंडी घ्याच, आणि नुसतं 'गणेशनगर' ऐकून गाडी हलवू नका. एरंडवण्यात एक आहे, वडगाव शेरीत एक, थेरगावात एक.

लोकेशन पाठवताना स्क्रीनवर आसपासच्या ठिकाणांची यादी येते. घाईत त्यातलं पहिलं नाव दाबलं जातं आणि गाडी कुठल्यातरी हॉटेलच्या दारात जाऊन उभी राहते. पेठांमधल्या बोळांत आणि जाड भिंतींच्या वाड्यांत तर फोनला उपग्रहच नीट सापडत नाहीत. मग तो वायफाय आणि टॉवरवरून अंदाज बांधतो, आणि निळ्या ठिपक्याभोवतीचं वर्तुळ फुगतं. व्हॉट्सॲप तर किती मीटरपर्यंत अचूक ते आकड्यात लिहून दाखवतं, पण वाचतो कोण? गॅलरीत या, थोडं थांबा, वर्तुळ लहान झालं की पाठवा, एवढं सांगायला धीर हवा. नव्या पोरांकडं नेमका तोच नसतो.

बायपासवर मात्र ठिपका बरोबर असूनही गाडी चुकते. नव्या कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार पुणेकरांना सांगायला नको. टेम्पोनं तिथं एका दुचाकीवाल्याला उडवलं. लोकेशन अगदी अचूक आलं. ड्रायव्हर वडगावहून निघाला, नकाशानं त्याला साताऱ्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर घातलं. जागेवर पोचला तर गर्दी दुभाजकाच्या पलीकडं! उतारावरून कंटेनर सुसाट येताहेत, त्यातून स्ट्रेचर घेऊन पलीकडं जायचं म्हणजे आणखी दोन पेशंट तयार करायचे. पुढं जाऊन वळसा घालून येईपर्यंत लोकांनी त्या मुलाला रिक्षात कोंबून नेलं होतं. पाय मोडलेला, मानेला आधार नाही. वाचला तो त्याच्या नशिबानं.

फोनवर बसलेल्यानं एकच विचारायला हवं होतं: 'तुमच्या बाजूच्या गाड्या कुठं चालल्यात, मुंबईकडं की साताऱ्याकडं?' रस्त्यावर उभ्या माणसाला उत्तर-दक्षिण सांगता येत नाही, पण गाड्या कुठं चालल्यात ते दिसतं. त्यापुढं सर्व्हिस रोड की मेन रोड, आणि पूल असेल तर वर की खाली. इतकं कळल्याशिवाय बायपासचा फोन मी ठेवू देत नाही.

'यावर एखादं ॲप करू या' म्हणणारे सारखे भेटतात. खुशाल करा. पोस्ट खात्यानं २०२५ मध्ये डिजिपिन आणलंय, साधारण चार मीटर बाय चार मीटरच्या प्रत्येक चौकोनाला दहा अक्षर-अंकांचा कोड. चांगली सोय आहे, पण त्यात मजला कळत नाही, आणि कोड लेखी मागवा. 'पी', 'टी' आणि 'सी' रडणाऱ्या माणसाच्या तोंडून फोनवर सारखेच ऐकू येतात.

ग्रुपवर टाकून निवांत बसणं

ड्रायव्हर आणि कार्यकर्त्यांच्या ग्रुपवर 'अर्जंट, धनकवडी' असा मेसेज पडतो. अंगठे येतात, हात जोडलेले येतात, कुणीतरी 'काळजी घ्या' लिहितं. गाडी एकही निघत नाही, नाहीतर दोन निघतात. निळी टिक म्हणजे होकार नव्हे. एका ड्रायव्हरला फोन करायचा, त्याच्या तोंडून 'निघालो' ऐकायचं, आणि मग ग्रुपवर एक ओळ टाकायची: कोण निघालंय. ग्रुप माहितीसाठी ठेवा, गाडी फोनवरच काढा.

जवळची गाडी नकाशावर सरळ रेषेत मोजू नका. मध्ये मुठा नदी आहे. खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल पाण्याखाली जातो आणि नकाशावर हाकेच्या अंतरावरची गाडी लांबची ठरते. विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रोड, टिळक रोड बंद असतात, तेव्हा त्या भागातला जुना ड्रायव्हर सांगेल तोच रस्ता. नव्यानं त्याच्याशी वाद घालू नये.

मोठ्या सोसायटीत वॉचमन अँब्युलन्सला सुद्धा ॲपवर एंट्री करायला लावतो. फोनवरच सांगा: एक माणूस गेटवर, एक लिफ्ट धरून. विंगचं नाव दोनदा विचारा, आणि लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावतं का तेही.

परत फोन केला तर उचलत नाहीत, कारण आपला नंबर अनोळखी असतो, कधी स्पॅम म्हणूनही दिसतो. म्हणून पहिल्याच फोनवर सांगून ठेवा की अमुक आकड्यांवर संपणाऱ्या नंबरवरून ड्रायव्हर फोन करेल, उचला.

मोबाईलवरचं एसओएस, म्हणजे संकटात मदत मागायचं बटण 'चालतं का बघू' म्हणून दाबू नका. पलीकडं खरा माणूस बसलेला असतो.

राहिला ड्रायव्हरचा मोबाईल. गाडी स्क्रीनवर तासभर एकाच जागी दिसली की समजा, गाडी कुठं आहे ते कळवणारं त्याच्या फोनमधलं ॲप बॅटरी सेव्हरनं झोपवलंय. सेटिंगमध्ये जाऊन त्या ॲपपुरतं बॅटरीचं बंधन काढा. एप्रिल-मेमध्ये डॅशबोर्डवर उन्हात ठेवलेला फोन तापून बंद पडतो, तो एसीच्या जाळीपाशी लावा. आणि चार्जरची वायर गाडीतच बांधून टाका, नाहीतर शिफ्ट संपली की कुणीतरी ती घरी नेतंच.