जहाज पाचला सुटतं, दार साडेतीनला बंद होतं: क्रूझवर चढण्याच्या वेळा आणि प्रायॉरिटी बोर्डिंग

अमरावती जिल्ह्यातल्या वरुडला माझं ऑनलाइन सेवा केंद्र आहे. सातबारा, पीक विमा, रेल्वेचं रिझर्व्हेशन ही रोजची कामं. त्यात अलीकडे क्रूझची भर पडली आहे. पुण्या-बंगलोरला नोकरीला असलेली मुलं आई-वडिलांसाठी मुंबई-गोवा नाहीतर सिंगापूरची क्रूझ बुक करतात, तिकिटाची पीडीएफ व्हॉट्सअॅपवर पाठवतात, आणि काकाजी मोबाइल घेऊन माझ्या टेबलापाशी येतात. पहिला प्रश्न बहुतेकांचा तोच: "पोरी, पाच वाजताचं जहाज हाय म्हनते. चारले पोचलो तं जमन ना?"

नाही जमणार, काकाजी. आणि ज्यांनी आयुष्यभर संत्र्याचा बगीचा सांभाळून पहिल्यांदा समुद्र पाहायचं ठरवलं, त्यांना धक्क्यावरून परत फिरावं लागू नये, म्हणून हे सगळं नीट लिहून काढते आहे.

तिकिटावर ठळक छापलेली वेळ असते ती जहाज धक्का सोडण्याची. तुमच्या दृष्टीने ती सगळ्यात कमी कामाची. तुमच्या कामाच्या वेळा दोन. एक, तुम्हाला टर्मिनलवर बोलावल्याची वेळ, म्हणजे स्लॉट. दुसरी, चेक-इन, म्हणजे कागद तपासून तुमची नोंद करण्याचं काम, बंद होण्याची वेळ. रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीचा नियम उदाहरणाला घ्या: जहाज सुटण्याच्या ९० मिनिटं आधी चेक-इन पूर्ण झालं पाहिजे आणि ६० मिनिटं आधी माणूस जहाजात असला पाहिजे. म्हणजे पाचच्या जहाजाचं दार तुमच्यासाठी साडेतीनलाच बंद. प्रत्येक कंपनीचा आकडा थोडा वेगळा असतो, तो तुमच्या बुकिंगच्या कागदात शोधा आणि पेनाने गोल करा. माझ्याकडे आलेल्या कागदावर मी तो लाल पेनाने गोल करूनच देते.

इतकं आधी कशासाठी? कारण जहाज सुटण्यापूर्वी प्रवाशांची पक्की यादी सरकारी यंत्रणेकडे जावी लागते. अमेरिकेच्या बंदरात तर ती निघण्याच्या किमान ६० मिनिटं आधी गेलीच पाहिजे असा कायदा आहे. यादी गेल्यावर नवीन नाव चढवत नाहीत. धक्क्यावर जहाज समोर दिसत असतं, शिडी लागलेली असते, तरी तुम्हाला आत घेत नाहीत. तिथे हात जोडून उपयोग नाही आणि पैसेही परत येत नाहीत.

आता स्लॉट. हे लोकांना पटत नाही. पैसे भरले, खोली आपली, मग अमुक वेळेलाच या असं का? त्याचं कारण जहाजाच्या त्या दिवशीच्या कामात आहे. जहाज सकाळी बंदराला लागतं तेव्हा त्यात आधीचे प्रवासी असतात. मोठ्या जहाजात ते पाच हजारांच्या वर असू शकतात. ते साधारण नऊ-दहापर्यंत उतरतात. अमेरिकेत तर जुना शेवटचा प्रवासी उतरून मोजणी शून्यावर आल्याशिवाय नवा माणूस चढवत नाहीत. तेवढ्या वेळात खोल्या झाडायच्या, चादरी बदलायच्या, भाजी-किराणा भरायचा, आणि संध्याकाळी पुन्हा निघायचं. त्यामुळे नवे लोक साधारण अकरा-साडेअकरापासून तुकड्या-तुकड्यांनी आत घेतात. बाजार समितीत कापूस खरेदीचं टोकन असतं ना, तसंच हे. सगळ्यांच्या गाड्या एकदम फाटकावर आल्या तर कोणाचाच काटा होत नाही.

स्लॉटच्या आधी गेलात तर बाहेर बसवतील. म्हातारी माणसं असतील तर ते उन्हात फार जीवावर येतं. स्लॉट थोडा चुकला तर घाबरू नका. चेक-इन बंद व्हायच्या आत असाल तर सहसा रांगेत घेतात. हा फरक डोक्यात पक्का ठेवा. स्लॉट चुकला तर फार तर थांबावं लागतं, चेक-इनची वेळ चुकली तर जहाज जातं.

चांगला स्लॉट मिळवायला पैसे लागत नाहीत. वेब चेक-इन, म्हणजे घरून ऑनलाइन करायची नोंद, उघडल्याबरोबर करावं लागतं, एवढंच. रॉयल कॅरिबियनचं ४५ दिवस आधी उघडतं, नॉर्वेजियनचं २१ दिवस, कार्निव्हलचं १४ दिवस. डिस्नेत पहिल्यांदा जाणाऱ्यांना ३० दिवस आधी, जुन्या प्रवाशांना त्याच्याही आधी. मुंबईहून निघणाऱ्या कॉर्डेलियाच्या जहाजालाही वेब चेक-इन करावं लागतं. ते कधी उघडतं आणि कधी बंद होतं हे बुकिंगच्या मेलमध्ये पाहा. आधी येईल तो आधी निवडेल. उशीर केला की उरलेला स्लॉट मिळतो, आणि तो बहुधा दुपारी उशिराचा असतो.

अडचण अशी होते की मेल मुलाच्या पत्त्यावर जातात. मुलगा मीटिंगमध्ये असतो, मेल वाचायचा राहतो, आणि प्रवास चार दिवसांवर आला की आईचा मला फोन येतो. म्हणून बुकिंग करतानाच मुलाला सांगा: संपर्कात तुझा नंबर टाक, पण आमचाही टाक. ओटीपी कोणाच्या मोबाइलवर येणार हेही विचारून ठेवा.

वेब चेक-इनला बसताना आधार किंवा पासपोर्ट समोर ठेवा आणि नाव एकेक अक्षर ताडून पाहा. आपल्याकडे हमखास होणारी गोष्ट म्हणजे आधारवर 'शांता' आणि तिकिटावर 'शांताबाई'. मुलांनी प्रेमाने लिहिलेलं असतं, पण काउंटरवरच्या मुलीसमोर ती दोन वेगळी नावं होतात. दुरुस्ती घरून होते, धक्क्यावर होताना फार वेळ जातो. कुठे ओळखीचा फोटोही चढवावा लागतो. माझ्या दुकानात त्यासाठी एक पांढरी भिंत मोकळी ठेवली आहे. काकाजींना टोपी काढायला सांगितली की कपाळावर उन्हाची रेघ दिसते, रेघेच्या वर उजळ आणि खाली रापलेलं. फोटो तसाच घ्यायचा, चष्मा काढून, उजेडाकडे तोंड करून. बोर्डिंग पास निघाला की दोन प्रती छापा. मोबाइलची बॅटरी संपते, कागदाची संपत नाही.

सिंगापूरला जाणाऱ्यांनी आणखी काही पाहावं. पासपोर्टची मुदत प्रवासानंतर सहा महिने शिल्लक हवी. जहाज दुसऱ्या देशाला जाऊन पुन्हा सिंगापूरलाच येतं, म्हणून व्हिसा पुन्हा प्रवेश देणारा आहे ना हे तपासा. सिंगापूरचं अरायव्हल कार्ड पोहोचण्याच्या तीन दिवसांच्या आत ऑनलाइन भरायचं असतं आणि ते फुकट आहे. त्याचे पैसे घेणाऱ्या वेबसाइट आहेत, त्यांच्या नादी लागू नका. आणि खर्रा नेऊ नका. हे मी आवर्जून सांगते, कारण आपल्याकडे खिशात पुडी असणं कोणाच्या लक्षातही येत नाही. सिंगापुरात चघळायची तंबाखू आणायलाच बंदी आहे. घरातल्या गरोदर सुनेला सोबत नेत असाल तर बुकिंगच्या आधीच विचारा. बऱ्याच कंपन्या २४ वा आठवडा लागणाऱ्या बाईला चढू देत नाहीत.

बंदराच्या गावी आदल्या दिवशी पोहोचा. यावर मी कोणाशी तडजोड करत नाही. अमरावती-मुंबई एक्सप्रेस पहाटे सीएसएमटीला उतरवते, तिथून बॅलार्ड पिअरचं क्रूझ टर्मिनल टॅक्सीने अगदी जवळ, त्यामुळे त्याच दिवशी पोहोचणं जमतं असं कागदावर दिसतं. पण घाटात एक मालगाडी बंद पडली की मागच्या सगळ्या गाड्या थांबतात. समृद्धीने कारने जाणारेही आता बरेच आहेत. नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा रस्ता २०२५ च्या जूनमध्ये पूर्ण खुला झाला खरा, पण तो भिवंडीजवळ आमण्याला संपतो. तिथून पुढे भिवंडी, ठाणं आणि सगळी मुंबई ओलांडून दक्षिण टोकाला जायचं असतं, आणि त्या तासांचा हिशोब कोणी देऊ शकत नाही. डोंबिवली-कल्याणला कोणी ना कोणी नातलग असतोच. एक रात्र तिथे काढा. सिंगापूरसाठीही तेच. सकाळी विमान उतरलं आणि दुपारी जहाज गाठलं, असं तिकीट मुलं स्वस्त म्हणून काढतात. सिंगापूरचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे, एवढी एक गोष्ट हिशोबात राहिली नाही तरी सगळं कोसळतं.

आता प्रायॉरिटी बोर्डिंग, म्हणजे इतरांच्या आधी जहाजात चढण्याची सोय. यावर पैसे घालवावेत का, हे मला फार जण विचारतात.

प्रायॉरिटी चार वाटांनी मिळते. महागडी खोली घेतली तर: नॉर्वेजियनचं हेवन, एमएससीचा यॉट क्लब, मोठ्या कंपन्यांचे स्वीट, म्हणजे ऐसपैस महागड्या खोल्या. त्याच कंपनीच्या बऱ्याच सफरी केल्या तर, उदाहरणार्थ रॉयल कॅरिबियनच्या सदस्यांत डायमंड आणि त्यावरची पायरी. तिसरी वाट विकत घेण्याची. कार्निव्हलची 'फास्टर टू द फन' ही योजना त्यातली. तिची संख्या मर्यादित असते आणि ती लवकर संपते. चौथी वाट कोणी सांगत नाही आणि तिला पैसेही लागत नाहीत: ज्यांना चालायला त्रास होतो त्यांच्यासाठी व्हीलचेअरची मदत. ती बुकिंगच्या वेळीच किंवा निदान काही आठवडे आधी कंपनीला कळवून ठेवायची. गुडघे दुखत असताना "कायले उगाच" म्हणून मावशी नको म्हणतात. माझं ऐका मावशी, घ्या. टर्मिनलचे जिने, लांबच लांब मार्गिका आणि शिडीचा चढ हे सगळं धडधाकट माणसालाही दमवतं. त्यात कमीपणा नाही.

विकत घेतलेली प्रायॉरिटी कंपनीच्या काउंटरवर चालते, पण सामानाच्या एक्स-रेपाशी आणि पासपोर्टच्या शिक्क्यापाशी तिचा भरवसा धरू नका. इमिग्रेशन सरकारचं असतं, तिथे बहुधा सगळ्यांच्या बरोबरीनेच उभं राहावं लागतं. दुसरी गोष्ट, लवकर चढलात म्हणजे लवकर खोली मिळाली असं होत नाही. खोल्या साधारण एक-दीडला उघडतात. कार्निव्हलच्या त्या योजनेत खोली लवकर मिळते, म्हणून तिला काही अर्थ आहे. बाकी ठिकाणी साडेअकराला चढलेली माणसं हातातल्या पिशव्या घेऊन जेवणाच्या मजल्यावर बसून राहतात. तरुण जोडप्याला ते आवडेल. दुपारचं जेवण भाड्यात आलेलंच असतं, पोहण्याचा तलाव रिकामा असतो. पण पासष्टीच्या पुढच्या आई-वडिलांना पाठवत असाल तर माझा सल्ला सरळ आहे. प्रायॉरिटी विकत घेऊ नका. वेब चेक-इन लवकर करून साडेबारा-एकच्या आसपासचा स्लॉट घ्या, गरज असेल तर व्हीलचेअर मागा. चढतील तेव्हा खोली तयार असेल आणि ते लगेच आडवे होऊ शकतील. वाचलेल्या पैशात मुंबईतली आदली रात्र बसते.

टर्मिनलवर गेल्यावर मोठी बॅग हमालाकडे द्यायची, तिला खोलीचा नंबर असलेलं लेबल आधीच घट्ट लावलेलं हवं. ती बॅग संध्याकाळपर्यंत दिसत नाही. म्हणून बीपी-शुगरच्या गोळ्या, चष्मा, सगळे कागद, पैसे आणि एक जोड कपडे हातातल्या पिशवीत ठेवा. प्रवासी इस्त्री, चहाची किटली, पाणी तापवायचा रॉड बॅगेत टाकू नका. आगीच्या भीतीने ते जहाजावर चालत नाही. सुपारीचा अडकित्ताही घरी ठेवा. घरी शिजवलेले डबे आणि संत्र्याची पिशवी बहुतेक ठिकाणी दारातच काढून घेतात. आपल्या बागेतली संत्री कचऱ्यात गेलेली पाहून जीव तुटतो, म्हणून आधी सांगते.

जहाजात गेल्यावर झोपण्याच्या आधी एक काम असतं. संकटाच्या वेळी जिथे जमायचं त्या जागेवर जाऊन हजेरी लावायची, हीच सुरक्षेची कवायत. २०१२ च्या जानेवारीत इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया हे जहाज खडकाला लागलं आणि ३२ माणसं गेली. नुकतेच चढलेले कित्येक प्रवासी तेव्हा कवायतीविना होते, कारण जुन्या नियमात त्यासाठी २४ तासांची मुभा होती. २०१५ पासून नियम बदलला. आता जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच ती झाली पाहिजे. सात छोटे भोंगे आणि एक लांब, हा धोक्याचा इशारा. काकाजींनी तो कानात ठेवावा, आणि आपली जागा कोणत्या मजल्यावर, कोणत्या अक्षराची, हे दोघांनीही पाठ करावं. खोलीच्या दारामागे आणि कार्डावर लिहिलेलं असतं.

मोठी बॅग रात्रीच्या जेवणापर्यंत दाराबाहेर आली नाही तर घाबरून बसू नका. खोलीतल्या फोनवरून रिसेप्शनला खोलीचा नंबर सांगा. पुष्कळदा लेबल फाटलेलं असतं, नाहीतर आत काहीतरी अडवण्यासारखं दिसल्यामुळे ती सुरक्षा खोलीत ठेवलेली असते. तिथे जाऊन त्यांच्यासमोर बॅग उघडायची, ती वस्तू काढून द्यायची, तिची पावती घ्यायची आणि उतरताना ती परत मागायची.