पौर्णिमेला सुरू, अष्टमीला बंद: व्यायामातल्या या चुका टाळा

पुळणीवर, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूवर, पळायला येणारे नवखे आठवडाभरात गायब होतात आणि ‘आपल्यात जिद्दच नाही’ असं सांगत सुटतात. जिद्द होती, वेळ चुकली.

‘रोज सकाळी सहाला पुळणीवर’ हे ठरवणंच मुळात चूक आहे. तिथीच्या पाऊणपट वाजता भरती, हा हिशोब कोकणात घरोघरी ठाऊक आहे. पौर्णिमा पंधरावी तिथी, भरती सव्वाअकराच्या सुमारास; म्हणून पहाटे पाच-सहाला ओहोटी असते, ओली कडक वाळू लांबवर मोकळी मिळते, पळणं सोपं वाटतं. मग येते अष्टमी. आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाला भरती! कडक पट्टी पाण्याखाली गेलेली, उरते ती भुसभुशीत, उतरती वाळू. तिच्यावर पळायला सुमारे दीडपट ताकद लागते. माणूस तोच, वेग तोच, पण दम लवकर लागतो. त्याला वाटतं, आपली प्रगती उलटी चाललीये. डेसी आणि रायन या मानसशास्त्रज्ञांनी प्रेरणेच्या मुळाशी तीन गरजा मानल्या: निवड आपली असणं, जमतंय असं वाटणं आणि माणसांशी जोडलेलं असणं. इथे दुसरीवरच घाव बसतो.

म्हणून कालनिर्णयावर खूण करा: दोन्ही पक्षांत षष्ठी ते दशमी रस्ता किंवा मैदान, बाकी दिवस पुळण. वाक्यही पक्कं हवं: ‘चहाचा कप खाली ठेवला की बूट घालायचे, घाटीपर्यंत जाऊन परत यायचं.’ 2002 साली ब्रिटनमधल्या विद्यार्थ्यांवर झालेल्या एका अभ्यासात, व्यायाम कधी आणि कुठे करणार हे लिहून देणाऱ्यांपैकी 91 टक्क्यांनी त्या आठवड्यात तो केला. नुसता जोश देणारा मजकूर वाचलेल्यांत हे प्रमाण 35 टक्के होतं. पहाटे उठून प्रेरणेचे व्हिडिओ बघत बसणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

दुसरी चूक मोठ्यांची. एका वाडीतली पोरं रोज संध्याकाळी आपणहून कबड्डी खेळायची. जत्रेतल्या सामन्यांआधी कुणीतरी हजेरीमागे पैसे लावले. सामने संपले, पैसे थांबले, आणि मैदानही ओस पडलं. हे होणारच होतं. 1973 च्या एका प्रयोगात, चित्रं काढायला आवडणाऱ्या लहान मुलांना आधी कबूल करून बक्षीस दिलं, तर नंतर मोकळ्या वेळात ती जवळपास निम्माच वेळ चित्रं काढू लागली. न सांगता बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र टिकली. तेव्हा आमिष दाखवू नका. शेवटची दहा मिनिटं काय खेळायचं ते पोरांना ठरवू द्या. शाबासकी नेमकी द्या: ‘बोनस घेताना मागचा पाय वेळेत उचललास.’ ‘लय भारी’ म्हटल्याने कुणाला काही कळत नाही.

पहिल्याच दिवशी जीव जाईस्तोवर पळू नका. सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल तोच वेग.

21 दिवसांत सवय लागते ही थाप आहे. लंडनमधल्या 2010 च्या अभ्यासात 18 ते 254 दिवस लागले, मध्यक 66, म्हणजे निम्म्यांना याहून कमी, निम्म्यांना जास्त. एखादा दिवस चुकल्याने सवय मोडली नाही, हेही त्यातच दिसलं.

शेजाऱ्याच्या वेळेशी आपली तुलना नको. स्वतःची मागच्या पौर्णिमेची वेळ पुरे.

आणि पावसाळा. जूनमध्ये मुसळधार सुरू झाल्यावर विचार करायला बसलात तर गणपतीपर्यंत अंग हलत नाही. मे महिन्यातच जागा ठरवा: पडवीत 12 सूर्यनमस्कार, 20 बैठका, आणि दोरीच्या उड्यांपुरती कोरडी जमीन.