पन्नास अर्ज केले, फोन एकही नाही? या चुका टाळा

नवी मुंबईतल्या महापे एमआयडीसीतल्या एका कारखान्यासाठी माणसं निवडणं हे माझं काम. ऑफिसात रेझ्युमे चाळायचे आणि घरी आलं की ओळखीतल्या मुलांचे मेसेज वाचायचे: "काकू, पन्नास ठिकाणी अप्लाय केलं, कुणी विचारतच नाही."

आधी बघा, गाडी अडतेय कुठे. फोनच येत नसेल तर घोळ रेझ्युमेत आहे, नाहीतर तुम्ही भलत्याच जागांसाठी अर्ज करताय. इंटरव्ह्यू होतात आणि तिथेच थांबतं, तर रेझ्युमेला रंगरंगोटी करून काही होणार नाही.

रंगरंगोटीवरून आठवलं. परवा एका पोराचा रेझ्युमे आला. दोन कॉलम, कोपऱ्यात फोटो, 'एक्सेल'पुढे चार तारे. दिसायला लग्नपत्रिकेसारखा देखणा. पण पोर्टलवरचं सॉफ्टवेअर अनेकदा ओळ डावीकडून उजवीकडे सरळ वाचत जातं, त्यामुळे माझ्या स्क्रीनवर उमटलं, "डिप्लोमा मेकॅनिकल हिंदी मराठी क्रिकेट". ताऱ्यांचे झाले चौकोन. घरच्या घरी तपासता येतं: पीडीएफ उघडा, सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका. तिथे जी खिचडी दिसेल, तशीच आमच्याकडे पोचत असणार. काहीच कॉपी होत नसेल तर तुम्ही मजकूर नाही, फोटो पाठवताय. एकच कॉलम ठेवा, साधा फॉन्ट वापरा, बस.

दुसरं, जाहिरात पूर्ण न वाचता बटण दाबणं. आम्ही स्टोअरकीपर मागतो तेव्हा टॅली, जीआरएन (आलेल्या मालाची पावती), स्टॉक मोजणी असे शब्द मुद्दाम लिहितो. मुलाने ते काम दोन वर्षं केलेलं असतं, पण रेझ्युमेत पहिल्या पानावर 'मेहनती, टीम प्लेअर' आणि टॅली दुसऱ्या पानाच्या तळाशी. जे मागितलंय ते वर आणा. न केलेलं काम मात्र घुसडू नका. नोकरीच्या तारखाही पीएफच्या नोंदीशी जुळवून घ्या, कारण पडताळणीत यूएएनवरची, म्हणजे तुमच्या पीएफ नंबरवरची, सर्व्हिस हिस्ट्री मागतात.

पत्त्यात नुसतं 'मुंबई' लिहिणाऱ्यांचं काय करावं कळत नाही. सकाळी ७ च्या शिफ्टला माणूस ऐरोलीहून येणार की बदलापूरहून, हा आमच्यासाठी खरा प्रश्न असतो. डोंबिवलीकराला ठाण्याला उतरून ट्रान्स-हार्बर लोकल पकडावी लागते, नाहीतर शिळफाट्याचा ट्रॅफिक. लांब राहत असाल तर कसे येणार ते एका ओळीत लिहून टाका.

पगाराच्या रकान्यात सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) आणि हातात येणारा पगार यांची गल्लत नेहमीची. वर्षाला ४ लाख म्हणजे महिन्याला ३३,३३३ खात्यात, असं होत नाही. मूळ पगाराच्या १२ टक्के पीएफ तुमचा कापला जातो. कंपनीचा पीएफचा वाटा आणि ग्रॅच्युइटी बहुतेक ठिकाणी सीटीसीतच धरलेली असते. वर प्रोफेशनल टॅक्सचे २००, फेब्रुवारीत ३००. आकडा सांगताना कुठला ते स्पष्ट सांगा.

आणि नोकरीआधी पैसे मागणारा कुणीही असो, युनिफॉर्मचे म्हणो, गेटपासचे म्हणो की परत मिळणारं डिपॉझिट म्हणो, तिथून उठा. नवी मुंबई विमानतळाच्या नावाने 'ग्राउंड स्टाफ पाहिजे' असे मेसेज माझ्याही फोनवर येतात. पैसे गेलेच असतील तर लाजत बसू नका, लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनला फोन करा.

त्या ताऱ्यांवाल्या पोराला सांगितलं तसा त्याने रेझ्युमे सरळ करून पाठवला. चांगला वाटला, लगेच फोन लावायला घेतला, तर नंबर नऊच आकडी. मेल टाकला. उत्तर आलं चौथ्या दिवशी, आणि जागा तिसऱ्या दिवशी भरली होती.