अपघाताने अपंगत्व आलं, तर बुडालेल्या कमाईचा हिशेब कसा मांडायचा?

रस्ता अपघाताच्या दाव्यात दवाखान्याची बिलं सगळेच जपून लावतात. बुडालेल्या कमाईचा आकडा मात्र वकिलावर सोडून देतात. कायमचं अपंगत्व असेल तर बहुतेक वेळा मोठी रक्कम याच आकड्यात असते, आणि तो घरबसल्या मांडता येतो.

नागपूरच्या कळमना बाजारातला ३४ वर्षांचा हमाल धरू. कमाई महिना १५,०००. ट्रकने उडवलं, उजवा गुडघा कायमचा आखडला.

आधी कमाईचा पुरावा. नोकरदाराकडे पगारपत्रक असतं, धंदेवाल्याकडे अपघाताआधीची आयकर विवरणपत्रं. हमालाची माथाडी मंडळात (हमाल-मापाड्यांची नोंद ठेवणारं मंडळ) नोंद असेल तर मजुरीचा उतारा तिथून काढा. काहीच नसेल तर दावा ऐकणारं मोटार अपघात न्यायाधिकरण अनेकदा किमान वेतनावर येऊन थांबतं.

उपचारात गेलेले महिने वेगळे मांडा. सहा महिन्यांचे झाले ९०,०००.

मग पुढची कमाई. सर्वोच्च न्यायालयाच्या ‘प्रणय सेठी’ निकालानुसार (२०१७) हातावर पोट असणाऱ्याच्या कमाईत भविष्यातली वाढ म्हणून चाळिशीच्या आत ४० टक्के, पन्नाशीपर्यंत २५, साठीपर्यंत १० मिळवतात. कायम नोकरी असेल तर ५०, ३० आणि १५. आपल्या हमालाचे झाले महिना २१,०००, वर्षाला २,५२,०००. ‘सरला वर्मा’ निकालाच्या (२००९) तक्त्यात ३१ ते ३५ वयाला गुणक, म्हणजे वर्षाच्या कमाईला ज्याने गुणायचं तो आकडा, १६ आहे; गुणाकार ४०,३२,०००. मृत्यूच्या दाव्यात स्वतःच्या खर्चाची वजावट होते, ती इथे करू नका. माणूस जिवंत आहे, त्याला खायला लागतंच.

खरी मेख टक्क्यात आहे. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावर समजा ४० टक्के लिहिलेत, तर ते पायाचे की अख्ख्या शरीराचे, हे आधी वाचा. तरीही तो आकडा जसाच्या तसा लावायचा नसतो. ‘राजकुमार विरुद्ध अजय कुमार’ या निकालाने कमावण्याची ताकद किती गेली, हे बघायला सांगितलं. असाच गुडघा घेऊन कारकून टेबलावर बसेल, पगारही कदाचित तेवढाच राहील. पोतं पाठीवर घेऊन ट्रकची फळी चढणाऱ्याचं तसं नाही. ४० टक्क्यांनी १६,१२,८०० येतात, ६० धरले तर २४,१९,२००. हे आठ लाख पुराव्यावर ठरतात, म्हणून मेडिकल किंवा मेयो या नागपूरच्या सरकारी रुग्णालयांतून नुसता कागद आणून भागत नाही. तपासणाऱ्या डॉक्टरांची साक्ष हवी, आणि याला आता पोतं उचलत नाही हे सांगणारा मुकादम किंवा अडत्याही. हलकं काम मिळालं असेल तर लपवू नका; उलटतपासणीत ते निघतंच.

अपघात अमरावतीकडे झाला तरी नागपूरचा रहिवासी नागपुरातच दावा लावू शकतो. १ एप्रिल २०२२ पासून कायद्यात त्याला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे. प्रमाणपत्राची वाट पाहत बसू नका. ते नंतरही जोडता येतं.