व्यालेल्या सशाच्या मादीला हिरवा पाला कसा द्यावा

मादी व्याली की घरातल्या सगळ्यांचे डोळे पिलांकडे लागतात. तेव्हा आईच्या ताटलीकडे मात्र जास्त लक्ष हवं. सशाची मादी पिलांना दिवसातून एकदा, फार तर दोनदा पाजते आणि तेही जेमतेम तीन-चार मिनिटं. एवढ्यात पिलांची दिवसभराची भूक भागते, कारण हे दूध फार घट्ट असतं. गाईच्या दुधात साधारण 4 टक्के स्निग्धांश असतो, सशाच्या दुधात 12 टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून जास्त. हे सगळं तिच्या अंगातून जातं.

पहिला दिवस काहीही नवीन देऊ नका. वाळलेलं गवत भरपूर आणि स्वच्छ पाणी, बस. पाणी खरोखर भरपूर लागतं. पाजणारी मादी दिवसाला लिटरभर किंवा त्याहूनही जास्त पाणी पिऊ शकते, तेव्हा भांडं सकाळ-संध्याकाळ बघा. गाभण असताना ती पाला खात असेल तर तोच पाला मूठभर द्यायला हरकत नाही. आधी कधीच खाल्ला नसेल तर दोन-तीन दिवस थांबा.

मग एका वेळी एकच पाला सुरू करा. शेपू, कोथिंबीर, बडीशेपेचा कोवळा पाला, पुदिना, गाजराचा पाला यांतलं काहीही चालेल. आज दोन-तीन काड्या द्या आणि उद्या लेंड्या बघा. त्या गोल, कोरड्या, नेहमीच्या आकाराच्या असतील तर थोडं वाढवा. मऊ पडल्या तर तो पाला बंद करून एक-दोन दिवस फक्त गवत द्या. सशाला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटात चुकीचं गेलेलं पुढेच सरकतं. घाई करायची नाही ती यासाठीच.

शेपू आणि बडीशेप दूध वाढवतात अशी जुनी समजूत आहे. ती खुशाल द्या, पण सगळी भिस्त त्यांच्यावर ठेवू नका. दूध येतं ते गवत, पाणी आणि पुरेशा खुराकातून. या काळात साध्या गवतात थोडा लसूणघास (अल्फाल्फा हा चारा, लसूण नव्हे) मिसळलेला चांगला, कारण त्यात प्रथिनं आणि कॅल्शियम जास्त असतं. पार्सली आणि सेज ही विदेशी सुवासिक पानं दूध आटवण्यासाठी वापरायची रीत आहे, म्हणून पिलं पीत असेपर्यंत मी ती टाळते. कोबी, फ्लॉवरचा पाला नव्याने सुरू करू नका, पोट फुगण्याचा धोका असतो. पालकात कॅल्शियम नीट शोषू न देणारं ऑक्झलेट जास्त, म्हणून तो क्वचितच. कांदा, लसूण, कांद्याची पात, बटाट्याचा आणि टोमॅटोचा पाला, अ‍ॅव्होकॅडो हे कधीच नाही.

पाला धुऊन, पाणी निथळू द्या. ढीग करून ठेवलेला पाला आतून गरम होतो, तसला देऊ नका. घरट्याच्या पेटीत पानं टाकू नका, ओल धरली की पिलं गारठतात. दोन-तीन तासांत उरलेला पाला उचलून टाका.

रोज पिलांच्या पोटावरून नजर फिरवा. पाजून झाल्यावर पोट गोल आणि कातडी ताणलेली दिसली की दूध पुरतंय. पोटं खपाटीला, कातडी सुरकुतलेली दिसली तर पाला वाढवून भागणार नाही, पशुवैद्याला दाखवा. आईनेच दहा-बारा तास काही खाल्लं नाही, तिच्या लेंड्या थांबल्या, तिला थरथर सुटली किंवा स्तन कडक, गरम, लालसर-निळे झाले तर त्याच दिवशी न्या.

तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास दूध सर्वाधिक असतं आणि त्याच वेळी पिलं घरट्याबाहेर येऊन आईच्या ताटलीत तोंड घालू लागतात. इथे सावध राहा. पिलांचं पोट नाजूक असतं, म्हणून आईला पाला वेगळ्या जागी द्या. पिलांसमोर आधी फक्त वाळलेलं गवत ठेवा. ती नीट गवत खाऊ लागली की आईला मानवलेल्यातलंच एखादं पान द्या आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याही लेंड्या बघा. पिलांचं दूध तुटलं की आईचा लसूणघास आणि जादा खुराक आठवडाभरात हळूहळू कमी करा, म्हणजे दूध आपोआप आटेल.